आईबाबांच्या घरी उंची इंटरनेट रेडिओ: घेण्याआधी आणि लावताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कोणत्या घरासाठी आहे ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. आईबाबा पुण्यात सहकारनगरला राहतात, दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. बाबांना आकाशवाणी आणि शास्त्रीय गाणं लागतं, आईला विविध भारती. तुम्ही शनिवार-रविवारी तिथे असता, तेव्हा तुम्हाला पाश्चात्त्य शास्त्रीय आणि जॅझ ऐकायचं असतं. बहीण दिवाळीला इंग्लंडहून येतेय, ती चांगल्यातला इंटरनेट रेडिओ आणायला तयार आहे. खर्चाची तयारी लाख-सव्वा लाखाची. कोणता घ्यावा, कसा लावावा, आणि एवढे पैसे घालून फोनपेक्षा काही वेगळं ऐकू येईल का, असं तुम्ही विचारलंय.

वेगळं ऐकू येईल, आणि पहिल्या दिवशीच येईल. मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात आणि आसपास लोकांच्या घरी ऑडिओ बसवतो, त्यातली पंधराएक वर्षं इंटरनेट रेडिओही. ज्या घरांतून मला पुन्हा बोलावणं आलं, तिथे यंत्र क्वचितच बिघडलेलं असायचं. यंत्राच्या मागे जे असतं, म्हणजे स्टेशनांची यादी पुरवणारी सेवा, घरातलं वायफाय, प्लगमधली वीज, त्यातलं काहीतरी गेलेलं असायचं. म्हणून मॉडेलच्या नावापेक्षा या तीन गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

इंटरनेट रेडिओ सुरू केल्यावर काय होतं ते आधी पाहू. एफएमचा सेट हवेतल्या लहरी थेट पकडतो. इंटरनेट रेडिओ आधी एका यादीवाल्या सर्व्हरला विचारतो की आकाशवाणी पुणे कुठे मिळेल. तो सर्व्हर पत्ता देतो. मग रेडिओ त्या पत्त्यावर जाऊन आवाज आणायला लागतो. ही यादी रेडिओ बनवणारी कंपनी बहुधा स्वतः करत नाही; एअरेबल, व्हीट्यूनर, ट्यूनइन अशा सेवांकडून घेते. तुम्ही बटणावर साठवलेलं स्टेशनही बऱ्याच सेटमध्ये खऱ्या पत्त्याऐवजी त्या यादीतला क्रमांक म्हणून साठवलेलं असतं. त्यामुळे यादीवाला सर्व्हर बंद पडला की स्टेशन चालू, तुमचं इंटरनेट चालू, सेट ठणठणीत, तरी आवाज नाही, अशी वेळ येते.

हे घडून गेलेलं आहे. रेसिवा नावाची यादी-सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर चालणारे जगभरचे सेट एका रात्रीत अडचणीत आले. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हे इंटरनेटवरून गाणी वाजवणारे सेट बनवणं २०१२ मध्ये थांबवलं आणि त्यांची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद केली. मात्र त्या सेटसाठीचा सर्व्हर-प्रोग्रॅम खुला होता, म्हणून वापरणाऱ्यांनीच तो लिरियन या नावाने पुढे चालवला आणि ते जुने सेट आजही वाजतात. बीबीसीने २०२३ मध्ये जुने साधे एमपी३ प्रवाह (स्ट्रीम) बंद करून नव्या पद्धतीचे ठेवले, तेव्हा कित्येक चांगल्या सेटवरून बीबीसी गेलं. चांगला लाकडी डबा, चांगला स्पीकर, चांगला ॲम्प्लिफायर वीस-पंचवीस वर्षं सहज जातो. त्यातला इंटरनेटचा भाग मात्र सात-आठ वर्षांत जुना होतो. उंची रेडिओ घेताना ही दोन वेगळी आयुष्यं आहेत हे धरूनच घ्यायचा.

माझ्यासाठी घ्यायचं असतं तर मी सगळं सुटं घेतलं असतं: दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर, एक ॲम्प्लिफायर, आणि इंटरनेटसाठी छोटा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून आवाज आणून ॲम्प्लिफायरला देणारी डबी, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर व्हॉल्युमियो हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम. स्ट्रीमर जुना झाला की तेवढाच बदलायचा. आईबाबांसाठी मी हे सुचवणार नाही. तीन डबे, दोन रिमोट आणि फोनवरचं ॲप म्हटलं की पंधरा दिवसांत सगळ्यावर कापड पडतं. त्यांना एक डबा हवा, पुढे फिरवायचं बटण हवं, आणि हाताला लागतील अशी स्टेशनांची बटणं हवीत. रुआर्क, सोनोरो यांच्यासारख्या कंपन्या असे एकसंध, स्टिरिओ, लाकडी कॅबिनेटमधले सेट करतात. नेम या कंपनीचा म्यू-सो आवाजाने त्यांच्याही वरचा वाटतो, पण तो बराचसा फोनवरून चालवायचा आहे, म्हणून तुमच्या घरासाठी मी तो मागे ठेवीन.

एकसंध सेट घेताना मात्र मागची बाजू नीट पाहायला बहिणीला सांगा. ऑप्टिकल किंवा साधं ऑक्स इनपुट असलंच पाहिजे. उद्या सेटमधला इंटरनेटचा भाग म्हातारा झाला, तर त्या इनपुटला एक लहान स्ट्रीमर जोडून तोच स्पीकर, तोच ॲम्प्लिफायर पुढे दहा वर्षं वापरता येतो. ज्या सेटला बाहेरून आवाज घ्यायची सोयच नाही, तो कितीही सुंदर असला तरी मी कुणाला घ्यायला सांगत नाही. दुसरं, लॅन केबलचं सॉकेट. सगळ्या सेटना ते नसतं. असलं तर उत्तम. तिसरं, एफएम. इंटरनेट गेलं की पुण्यात १०१ वर विविध भारती तरी मिळते, आणि आईला तेवढं पुरतं. त्यासाठी मागच्या पिनला पाऊण मीटर वायर खिडकीकडे सोडली तरी चालतं. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग तेवढाच भरतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: बहिणीला दुकानातच आकाशवाणी पुणे लावून पाहायला सांगा. विक्रेत्याला नवल वाटेल, वाटू द्या. आकाशवाणीचे इंटरनेट प्रवाह एचएलएस पद्धतीचे आहेत, म्हणजे आवाज काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत येतो आणि त्या तुकड्यांची यादी एम३यू८ नावाच्या फाइलीत असते. ज्या सेटला फक्त सरळ एमपी३ प्रवाह कळतो, त्याला हे वाचता येत नाही. नाव दिसतं, नुसतंच ‘जोडत आहे’ असं येत राहतं. शोधताना ‘ऑल इंडिया रेडिओ’, ‘एआयआर’ आणि ‘आकाशवाणी’ अशी तिन्ही नावं घालून पाहा. २०२३ पासून अधिकृतपणे आकाशवाणी हेच नाव वापरलं जातं, पण याद्यांमध्ये जुनी नावं अजून आहेत. पुणे मिळालं नाही तर हाताने पत्ता घालायची सोय त्या सेटमध्ये आहे का, ते पाहावं. तीही नसेल तर तो सेट तुमच्या बाबांसाठी नाही, किंमत कितीही असो.

इंग्लंडहून आणण्याबद्दल तीन गोष्टी. तिथली वीज २३० व्होल्टची, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. फक्त प्लग चौकोनी पिनांचा असतो. बहुतेक सेटची वायर मागून सुटी होते, तशीच भारतीय प्लगची वायर इथे मिळते, ती लावा. प्लग कापून नवा जोडू नका. अमेरिकेहून येणाऱ्या सेटची गोष्ट वेगळी. कोथरूडला एका घरी मुलाने अमेरिकेहून प्रेमाने आणलेला सेट त्यांनी मी पोचायच्या आधीच ॲडॅप्टर घालून लावला होता. सेटच्या पाठीवर १२० व्होल्ट लिहिलं होतं. मी गेलो तेव्हा खोलीत जळका वास होता आणि काकू रडवेल्या झाल्या होत्या. पाठीवर २३०, २२० ते २४० किंवा १०० ते २४० असं लिहिलेलं दिसेपर्यंत परदेशातलं कोणतंही यंत्र सॉकेटला लावू नये.

दुसरी गोष्ट, डॅब, म्हणजे इंटरनेटशिवाय हवेतून येणारा डिजिटल रेडिओ. इंग्लंडात विकल्या जाणाऱ्या सेटवर डॅबचं बटण ठळक असतं आणि किमतीतही त्याचा वाटा असतो. आपल्याकडे डॅबचं प्रसारण नाही. आकाशवाणीने डिजिटलसाठी मध्यमलहरींवर डीआरएम ही निराळी पद्धत घेतली. त्यामुळे ते बटण पुण्यात मुकं राहील. तो सेटचा दोष नाही, बाबांना आधीच सांगून ठेवा. तिसरी, बीबीसी. सेट इंग्लंडहून आणला म्हणून त्याच्यासोबत बीबीसी येत नाही. त्यांच्या सर्व्हरला तुमचं इंटरनेट भारतातलं आहे हे कळतं. रेडिओ ३ हे त्यांचं शास्त्रीय संगीताचं केंद्र ब्रिटनमध्ये ३२० केबीपीएसने मिळत आलंय, बाहेर त्याहून कमी. हा आकडा म्हणजे बिटरेट, दर सेकंदाला आवाजाचा किती डेटा येतो ते. २०२५ मध्ये तर त्यांनी साउंड्स हे आपलं ऐकायचं ॲप ब्रिटनबाहेर बंद केलं. तुम्हाला रेडिओ ३ची ओढ आहे हे समजतं, पण त्याच्या भरवशावर यंत्र निवडू नका.

आता घर. तुमच्या फ्लॅटमध्ये फायबर दारातून आत येत असणार आणि राऊटर चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे असणार. पुण्यातल्या दहापैकी आठ घरांत तसंच असतं. रेडिओ जिथे ठेवायचा तिथे उभं राहून फोनवर वायफायची ताकद मोजा. त्याची फुकट ॲप मिळतात, आकडा उणे असतो. उणे ६० किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ५० कडचा, आला तर काळजी नको. उणे ७० च्या पलीकडे गेला तर दिवसा चालेल आणि रात्री नऊला, सगळी सोसायटी वायफायवर असताना, तुटायला लागेल. मधे आरसीसीची भिंत, लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा असला तर अंतर कमी असूनही आकडा खाली येतो. राऊटर फूटभर वर आणि कपाटाबाहेर काढला, तरी फरक पडलेला मी कितीदा पाहिलाय.

बरेचसे रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि आजचे राऊटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देतात. सेट जोडताना त्यामुळे गोंधळ होतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, रेडिओ त्यावरच जोडा. चॅनल आपोआप निवडीवर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी सगळ्यांत मोकळा पक्का करा. सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं असेल तर जुने सेट जोडलेच जात नाहीत, डब्ल्यूपीए२ ठेवा. पासवर्डात देवनागरी किंवा चित्रविचित्र चिन्हं नकोत, कारण सेटवर एकेक अक्षर बटण फिरवून घालावं लागतं, आणि पुढच्या वेळी ते काम बाबांवर येणार आहे.

आणि जमत असेल तर हे सगळं सोडून सरळ केबल टाका. राऊटरपासून रेडिओपर्यंत कॅट-६ ची केबल, भिंतीच्या कडेने पट्टीतून, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम. मी माझ्या बाजूने एवढा एकच आग्रह धरतो. लोक स्पीकरच्या वायरवर हजारो रुपये घालायला तयार असतात आणि चारशे रुपयांची लॅन केबल घरात दिसते म्हणून नको म्हणतात. केबल टाकलेल्या घरातून ‘मधेच थांबतो’ असा फोन मला आजवर आलेला नाही.

विजेचं म्हणाल तर दोन गोष्टी. लाइट जाते तेव्हा रेडिओपेक्षा राऊटर परत चालू व्हायला जास्त वेळ घेतो. तेवढ्यात रेडिओ प्रयत्न करून गप्प बसतो, आणि बाबांना वाटतं बिघडला. राऊटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. दुसरं, घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइनवेव्हचाच हवा. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाला कोणताही सेट गुणगुणतो, आणि ती गुणगुण नेमकी तानपुऱ्याखाली ऐकू येते. अर्थिंगही एकदा तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. एप्रिल-मे मध्ये वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की रेडिओ आणि राऊटर दोन्ही प्लगमधून काढायचे, हे आईला सांगून ठेवा. बटण बंद करून भागत नाही.

आता आवाजाकडे येतो. मला स्वतःला यातलं हेच सगळ्यांत प्रिय आहे.

बाबांनी आकाशवाणी पुणे बहुतेक आयुष्यभर मध्यमलहरींवर, ७९२ किलोहर्ट्झवर ऐकलं असेल. हे केंद्र १९५३ चं. मध्यमलहरींवर दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचंच अंतर असतं, त्यामुळे रिसीव्हरवर आवाजाचा वरचा भाग साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या पुढे जवळजवळ कापला जातो. निवेदिकेचा ‘स’ आणि ‘श’, मंजिऱ्यांची किणकिण, तानपुऱ्याची जवारी म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, यातलं बरंचसं त्याच्या वर असतं. इंटरनेटवरून तेच केंद्र ऐकताना ही छत उडते. कर्वेनगरला एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे पहिल्यांदा पुणे केंद्र लावून दिलं तेव्हा ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “अहो, ही बाई खोलीतच बसली आहे की.” बिटरेटच्या आकड्यांवर भांडणाऱ्यांना मी ही खोली दाखवली असती.

आकडे तरी थोडे पाहू. १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी डेटा जातो, ३२० ला १४४ एमबी, आणि फ्लॅक म्हणजे काहीही न गाळलेल्या आवाजाला साधारण ४०० एमबी. दिवसाला दहा तास ३२० ने ऐकलं तरी महिन्याला ४३ जीबीच होतात. घरच्या फायबरला याचं काही वाटत नाही. फक्त फोनच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर हिशोब करा. ६४ च्या आसपासचे प्रवाह बहुधा एचई-एएसी पद्धतीचे असतात. त्यात वरचे स्वर पाठवलेलेच नसतात, खालच्यांवरून अंदाजाने पुन्हा तयार केलेले असतात. बातम्यांना ते चालतं. गाण्याला चालतं का, हे ओळखायची माझी कसोटी तानपुरा आहे. मैफल सुरू होण्याआधी नुसता तानपुरा वाजत असतो ते अर्धं मिनिट ऐका. जवारी पाण्याखालून आल्यासारखी हलायला लागली तर प्रवाह कमी पडतोय. टाळ्यांचा कडकडाट तेलात काही तळल्यासारखा आला तरी तेच समजा. एएसीचा १९२ चा प्रवाह आणि फ्लॅक यांतला फरक मात्र डोळे बांधून ओळखणारे मला आजवर फार थोडे भेटले, आणि मी त्यांच्यात नाही.

याच्यापेक्षा कितीतरी जास्त फरक सेट कुठे ठेवलाय याने पडतो. काळी एक पट्टीतल्या गायकाचा मधला षड्ज साधारण १३९ हर्ट्झ आणि खर्ज ६९. डग्ग्याची घुमक याच भागात कुठेतरी. तीन इंची स्पीकरच्या सेटला ६९ हर्ट्झ गाठताना दम लागतो. म्हणून लोक तो कोपऱ्यात ठेवतात आणि कोपऱ्याच्या भिंती खालचे स्वर फुगवतात. मग खर्ज येतो खरा, पण सगळाच ‘घुं’ होऊन येतो आणि निवेदकाचे शब्द कळेनासे होतात. सेट भिंतीपासून वीतभर पुढे, कोपऱ्यापासून निदान तीन फूट दूर, आणि बसल्यावर कानाच्या उंचीला ठेवा. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. कप्पाच वाजायला लागतो. लोखंडी कपाटावर तर नकोच, त्याचा पत्रा डग्ग्याच्या प्रत्येक थापेला कुरकुरतो. आपल्या घरांत जमीन टाइलची, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज उडतो. सेटसमोर सतरंजी आणि मागच्या खिडकीला जाड पडदा एवढ्याने खोली निवते. सेटमधलं ‘लाउडनेस’ बंद करा, ‘थ्री-डी’ किंवा तत्सम आवाज पसरवण्याची युक्ती असेल तर तीही. बास आणि ट्रेबल शून्यावर ठेवून आठ दिवस ऐका, मग हात लावा. म्हातारपणी वरचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून बाबा ट्रेबल एक-दोन घर वाढवून मागतील. वाढवून द्या, त्यात काही चूक नाही. ऐकणारे कान त्यांचे आहेत.

फोनवरून ब्लूटूथने वाजवणं मी शेवटचा उपाय मानतो. ब्लूटूथ आवाज पुन्हा एकदा दाबून पाठवतो, आणि फोन आला की गाणं बंद. सेटवर एखादं केंद्र सापडत नसेल तर प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर ॲप फोनवर घ्या आणि ते एअरप्ले किंवा क्रोमकास्टने, म्हणजे ब्लूटूथऐवजी वायफायवरून, सेटवर पाठवा. न्यूजऑनएअरवर आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रं मिळतात; सांगली, रत्नागिरी, नागपूर, पणजी सगळी. बाबा मूळचे जिथले असतील तिथलं केंद्र त्यांना एकदा लावून द्या.

स्टेशनांची निवड तुमच्यावर सोपवतो, पण मी तिथे काय भरलं असतं ते सांगतो. एक नंबरच्या बटणावर आकाशवाणी पुणे. दोनवर विविध भारती, जी १९५७ पासून चालू आहे आणि आईला तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. तीनवर रागम, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेली आकाशवाणीची चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी; कर्नाटक आणि हिंदुस्थानी दोन्ही असतं, त्यामुळे बाबांना थोडी वाट पाहावी लागेल, पण रात्री झोप लागत नसेल तेव्हा तिच्यासारखी सोबत नाही. चारवर तुमच्यासाठी रेडिओ स्विस क्लासिक आणि पाचवर रेडिओ स्विस जॅझ. दोन्हींवर जाहिराती नाहीत, बोलणं नावापुरतं. सहावर रेडिओ पॅराडाइज. कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने २००० साली घरातून सुरू केलेलं, ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालणारं केंद्र, आणि फ्लॅकमध्ये मिळतं. तुमच्या सेटला फ्लॅक नीट जमतो का, हे तपासायलाही तेच वापरा. याशिवाय पॅरिसचं फिप हे केंद्र एकदा ऐकाच. एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याची अशी नजर मला दुसरीकडे सापडलेली नाही.

परदेशी केंद्रांचा खरा आनंद वेळेच्या फरकात आहे. सकाळी सातला तुम्ही चहा घेत असता तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि डब्ल्यूक्यूएक्सआर या तिथल्या शास्त्रीय संगीताच्या केंद्रावर रात्रीचं संगीत चालू असतं. लंडनची संध्याकाळी साडेसातची मैफल आपल्याकडे उन्हाळ्यात मध्यरात्री बाराला आणि हिवाळ्यात एकला येते. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यांत कार्यक्रम चुकला तर सेटला दोष देऊ नका.

घड्याळावरून आठवलं. सेट लावताना वेळक्षेत्र अधिक साडेपाचच निवडलंय ना, हे पाहा. इंग्लंडातला सेट पहिल्यांदा शून्यावर असतो, आणि अलार्म सहाचा लावला तर साडेअकराला वाजतो. शिवाय इंटरनेटवरून येणारी आकाशवाणी खऱ्या वेळेपेक्षा मागे असते, तुकड्यातुकड्यांनी येत असल्यामुळे कधी अर्धं मिनिट, कधी जास्त. बाबांना बातम्यांआधीच्या टोल्यांवर मनगटी घड्याळ लावायची सवय असेल. ती मोडावी लागेल, आणि कारण सांगून मोडा, नाहीतर रोज घड्याळच पुढे गेलंय असं ते समजत राहतील. क्रिकेटच्या समालोचनाचंही तेच. शेजारच्या टीव्हीवर विकेट आधी पडते.

युरोपातले सेट वीज वाचवण्यासाठी ठरावीक वेळाने आपोआप झोपी जातात. मेनूत ते शोधून बंद करा, किंवा जास्तीत जास्त वेळ द्या. चालू केल्यावर शेवटचं स्टेशन आपोआप लागेल असं ठेवा. सहा बटणांच्या खाली मोठ्या मराठी अक्षरात चिकटपट्ट्या लावा. पहिल्या दिवशी त्यांना चालू करणं, बंद करणं, आवाज आणि एक ते तीन बटणं, एवढंच शिकवा. बाकीचं तुम्ही शनिवारी असता तेव्हा.

सेट कधी गप्प झाला तर क्रम असा ठेवा. आधी एफएमवर वाजतो का पाहा. वाजला तर स्पीकर-ॲम्प ठीक. मग दुसरं इंटरनेट स्टेशन लावा. तेही नाही लागलं तर फोनवर त्याच वायफायने तेच केंद्र लावून पाहा. फोनवर लागतंय आणि सेटवर एकही लागत नाही, म्हणजे बहुधा यादीवाला सर्व्हर. थांबा, दोन-चार तासांत येतो. काहीच लागत नाही तर राऊटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, आणि तो पूर्ण उठल्यावर मग रेडिओ. ‘फॅक्टरी रीसेट’ला हात लावू नका, बाबांनाही बजावून ठेवा, सगळी बटणं पुसली जातात आणि वायफायचा पासवर्ड पुन्हा घालावा लागतो. फर्मवेअर अपडेट, म्हणजे सेटच्या आतल्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती, आलं तर ते लाइट जायची शक्यता नसताना, तुम्ही समोर असताना करा.

आणि एक वही करा. पहिल्या पानावर वायफायचं नाव आणि पासवर्ड, दुसऱ्यावर कोणत्या बटणावर कोणतं केंद्र, तिसऱ्यावर त्या केंद्रांचे खरे प्रवाहाचे पत्ते; न्यूजऑनएअर किंवा रेडिओ ब्राउझर या लोकांनी मिळून चालवलेल्या खुल्या यादीवरून ते शोधून उतरवून घेता येतात. चौथ्या पानावर सेट घेतल्याची तारीख, बिल आणि वॉरंटी. उद्या यादीची सेवा बदलली, किंवा मी, तुम्ही, बहीण कुणीच पुण्यात नसलो, तरी शेजारचा कुणीही मुलगा या वहीवरून अर्ध्या तासात रेडिओ परत चालू करू शकतो. वही रेडिओच्या खालीच ठेवा, कपाटात नको.